नवऱ्याचं स्पॅनिश

सकाळी चहासाठी साखरेची बरणी काढली, की तिच्यावर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर हात पडतो आणि आजही माझं डोकं फिरतं. वाफेने कडा मुडपल्यात, हळदीचा अंगठा उमटलाय, आणि मधोमध नवऱ्याच्या ठसठशीत देवनागरीत लिहिलंय, ‘असूकार’. म्हणजे साखर! माझ्याच स्वयंपाकघरात साखरेला साखर म्हणायची चोरी झाली होती त्या हिवाळ्यात.

ऑस्ट्रेलियातल्या या वॉलॉंगॉंगचा हिवाळा तसा देखणा. समोर निळाशार समुद्र, पाठीशी हिरवा डोंगर, कोवळं ऊन. आमच्या घरात मात्र ऋतू एकच होता, स्पॅनिशचा. नवरा खाणीतल्या यंत्रांचा इंजिनिअर. कंपनीचं मोठं काम चिलीत निघालं होतं, स्पॅनिश बोलणाऱ्याला तिथे बढती होती, आणि याचं इथलं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं. शिवाय अर्धवट राहिलेली पीएचडी तिकडच्या युनिमध्ये पुरी करायचं स्वप्न. “अगं, करिअरला आणि अभ्यासाला, दोन्हीला उपयोग!” म्हटलं, शीक बाबा. पण शिकावं कसं, तर दहावीच्या संस्कृतसारखं! आमच्या पिढीने संस्कृत घेतलं ते मार्कांसाठी. रूपं घोकली, अपेक्षित प्रश्न पाठ केले, पेपर झाला की सगळं गंगार्पण. हाही तसाच टॉवेल खांद्यावर टाकून क्रियापदं घोकत घरभर फिरायचा. “बाबा, प्लीज, नॉट अगेन!” म्हणत लेक दार लावून घ्यायची.

शेजारी चिलीच्या आजी राहायच्या. तरुणपणी नवऱ्याबरोबर इथे आलेल्या, तो पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात होता. कुंपणापलीकडून त्या स्पॅनिशमध्ये विचारत, “जेवलास का?” आणि हा छाती काढून सांगे, “नमस्कार. मी इंजिनिअर आहे. मला टीमसोबत काम करायला आवडतं.” आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. “अरे, माझ्याशी बोल, साहेबाशी नको!” ऐकेल तर शपथ.

मुलाखतीत साहेबांनी स्पॅनिशमध्ये सहज विचारलं, आज घरी काय खाल्लंत? हा प्रश्न पाठांतरात नव्हता. नोकरी दुसऱ्याला मिळाली, हा इथेच कमी पगारावर रुजू झाला, आणि स्पॅनिशचा शब्द काढेना. इतका राग आला मला! त्याचा, चिलीचा, त्या संस्कृतच्या मार्कांचा. एक हिवाळा फुकट गेला हो आमचा.

गेल्या महिन्यात आजींना स्ट्रोक झाला. आयुष्यभराचं इंग्रजी पुसलं गेलं, उरली ती माहेरची भाषा. मुलगा पर्थला, आणि हॉस्पिटलचा दुभाषी चोवीस तास थोडाच असतो! माझा नवरा रोज आर्व्होला, म्हणजे दुपारी, शिफ्ट संपली की जाऊन नुसता बसायचा. एकदा मीही गेले. आजी घाबरलेल्या, चादर मुठीत धरून काहीतरी विचारत होत्या. हा गांगरला, आणि तोंडातून निघालं तेच, घरभर ऐकून मलाही पाठ झालेलं: “नमस्कार. मी इंजिनिअर आहे. मला टीमसोबत काम करायला आवडतं.”

मी कपाळावर हात मारला. पण आजींची मूठ सुटली. वाकड्या झालेल्या ओठांनी त्या हसल्या आणि सावकाश काहीतरी म्हणाल्या. यानेही अडखळत उत्तर दिलं.

गाडीत मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“जेवलास का, म्हणाल्या.”

“मग?”

“सांगितलं, पोहे खाल्ले. साखर जरा जास्त पडली होती.”

“अरे मेल्या, मुलाखतीत हेच तर विचारलं होतं!”

साखरेच्या बरणीवरची ती चिठ्ठी आता ओढूनही निघायची नाही. मी ओढतही नाही.