खाप्याचं नाव अडतिसाव्या ओळीत

पुष्पलता गेली त्याले आज बावीस दिवस झाले. भेटाले येनारा जो-तो म्हनते, बाई लय गरीब सोभावाची होती, कोनासमोर तोंड उघडलं नाई. अरे बाप्पा, उघडलं होतं. एकदा उघडलं होतं, नऊ मेंबर अन् एक मॅनेजर यायच्यासमोर. तिथवर पोहचाले तिले तेरा वर्स लागले, म्हनून ते सांगाले पाहिजे.

आमची पुष्पलता खाप्याची. बाप मागावर बसे, लुगडे विने. छप्पन साली घरच्यायनं नागपुरात धम्म घेतला तवा ती नऊ वर्साची होती, अर्धी वाट बैलबंडीत, अर्धी पायी. मंग मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, इंग्रजी चाळीस अन् मराठी तीस. लग्न केलं नाई. काहून नाई, ते तिलेच माहीत, आता कोनाले इचाराचं? त्र्याहत्तर साली विणकर संस्थायच्या संघात टायपिस्ट म्हनून लागली. नागपूरजवळ वाडीले भाड्याची खोली केली, मायले संगं ठेवलं. रोडवरून दिवसभर ट्रका जाये, भांडे वाजे, अन् माय म्हने, याच्यापेक्षा माग बरा होता वं.

नोकरी लागली म्हनजे काय, तं अकरा महिन्याची ऑर्डर. अकरा महिने झाले का आठ दिवस घरी बसा. मंग पुन्हा नवी ऑर्डर, पुन्हा अकरा महिने. असं तेरा वर्स. तिच्या मागून आलेला चपराशी पक्का झाला, त्याच्या मागून आलेला झाडूवाला पक्का झाला. ही मॅनेजरले इचारे तं मार्तंडराव साहेब म्हने, "गजभिये बाई, बोर्डासमोर ठेवतो ना." ठेवतो ना, ठेवतो ना. कोठी ठेवत होते देव जाने.

काम मात्र तिच्यासारखं कोनाचं नाई. एकेचाळीस संस्था होत्या संघात, खापा, कामठी, उमरेड, अशा. दर साली जूनअखेरचा हिशोब, साऱ्यायचे नावं एकाखाली एक, अन् पुढं रकाने: भागभांडवल, सूतकर्ज, फेडलं किती, बाकी किती, मागच्या साली किती. रुंद कागद मावनारी, लंब्या कॅरेजची मराठी टाइपमशीन होती. ती कागद लावाच्या आंधी अर्धा तास नुसती मोजत बसे. कोनत्या रकान्यात सगळ्यात मोठा आकडा कोनता, त्याले घरं किती लागतात, बेरजेसाठी एक घर जास्त, दोन रकान्याच्या मधात तीन घरं मोकळे. मंग टॅब लावे. एकदा लावले का आकडे असे खाली उतरे का एकंच्या खाली एकं, शतकाच्या खाली शतक. ऑडिटवाला म्हने, बाईचा कागद डोळे मिटून तपासाचा.

शहाऐंशी साली संघात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी खोली रंगवली, पंखा लावला, जोडे बाहेर काढा म्हने. पुष्पलताच्या टेबलावर तेरा वर्सात पंखा नाई लागला. कॉम्प्युटरवाला कृष्णकांत नावाचा, कोट्या करनारा, साऱ्यायले मॅडम-मॅडम.

मार्तंडरावनं सांगतलं, यंदा रिपोर्ट कॉम्प्युटरवर. "अन् बाई, याच मीटिंगमधी तुमचं नाव घेतो, पक्कं कराच्या यादीत. शेवटचा विषय. रिपोर्ट चांगला निघाला पाहिजे मात्र."

तिनं अजेंडा सोताच टाइप केला, तवा तिनं पाह्यलं. विषय नंबर अकरा. खरंच तिचं नाव होतं.

मंग ती लागली मागं. कृष्णकांत इचारे, कोनत्या रकान्याले किती घरं, अन् ही तोंडपाठ सांगे.

"बेरजेले एक जास्त धरजा," तिनं सांगतलं.

"मॅडम, मशीन सोता समजते."

पह्यला कागद निघाला तं बेरजेच्या जागी नुसत्या चांदन्या. आकडा मावला नाई म्हनून मशीननं चांदन्या छापल्या.

"समजलं वाटते मशीनले," ती म्हने.

कृष्णकांत हसला, एक घर वाढवलं. इथवर ठीक होतं. खरी कटकट पुढं होती.

ते कॉम्प्युटर इंग्रजीच छापे. अन् संस्थायचे लोक मराठीवाले, रिपोर्ट मराठीतच पाहिजे. तं मार्तंडरावनं डोकं लावलं. आकडे कॉम्प्युटरनं छापाचे, नावाचा रकाना कोरा सोडाचा. मंग तोच कागद बाईच्या मराठी मशीनीत घालाचा, अन् कोऱ्या जागी नावं टाइपाचे.

तिनं पह्यल्याच कागदावर पाह्यलं. पह्यले दहा नावं बरोबर आकड्यासमोर बसले. पंधराव्या नावाशी उलीसं खाली. पंचवीसव्या नावाशी कळेना का हे वरच्या आकड्याचं आहे का खालच्या. तिनं पट्टी घेऊन मोजलं. तिची मशीन ओळीले जितकी जागा सोडे, कॉम्प्युटर त्याच्यापेक्षा केसभर कमी सोडे. एका ओळीत काही दिसे नाई. छत्तीस ओळीत पुरी एक ओळ जाये.

ती साहेबाकडे गेली. "साहेब, दर पाच नावामागं एक ओळ कोरी सोडाले सांगा. तिथं मी कागद धरनारा रूळ ढिला करून पुन्हा जुळवून घेतो. नाई तं खाली नाव एकाचं अन् कर्ज दुसऱ्याचं होईन."

मार्तंडरावनं कृष्णकांतले पाह्यलं.

"ओळ म्हनजे ओळ असते मॅडम," कृष्णकांत म्हने. "अन् मधात कोऱ्या ओळी टाकाच्या तं सारा प्रोग्राम पुन्हा लिहा लागते."

"अन् सात पानायचे नऊ पानं होईन," मार्तंडराव म्हने. "तो कागद काय भाव येते माहीत आहे? बाई, एक नवी चीज आली का तुम्ही लोकं आंधी खोड काढता."

"खोड नाई काढून राहिली साहेब. मोजून सांगून राहिली."

"मोजू नोका, टाइप करा."

नऊ मेंबरच्या नऊ प्रती, एका प्रतीचे सात पानं, दर पानावर रकाने वेगळे पन नावं एकेचाळीसही. मंग तिनं काय केलं, तं दर ओळीले रूळ हातानं ढिला करे, डोळा लावून आकड्याच्या समोर आने, नाव टाइपे, पुन्हा ढिला. एका पानाले एकेचाळीस वेळा. त्या कागदाच्या दोन्ही बाजूले भोकं, तो सरळ राहेच नाई, सरके. घरी गेली का हात चोळत बसे. माय म्हने, "काय झालं वं?" तं ही म्हने, "काई नाई, आंधळ्यायच्या घरी दिवे लावून राहिली." मायनं इचारलं कोनाच्या घरी, तं हिले हसू आलं. तेवढंच.

मीटिंगले तीन दिवस राहिले तवा पाच प्रती झाल्या होत्या. मार्तंडराव आले, पाह्यलं, भडकले. "एवढ्याच? अवं शामलाले द्या ना बाकीच्या चार!"

शामला नवी टायपिस्ट, तीही अकरा महिनेवालीच. तिले पुष्पलतानं समजावून सांगतलं, ओळ-ओळ जुळव म्हने. पन साहेब तिच्या टेबलाशी घड्याळ पाहत उभे. पोट्टीनं बिचारीनं सरळ टाइपलं, टकाटक, एका दिवसात चारही प्रती. पुष्पलताले वाचाले पन नाई देल्ल्या, तशाच फायलीत लावल्या.

मीटिंगच्या दिवशी ती बाहेर बाकावर बसली. विषय अकरा येईन तवा बोलावतीन म्हनून धुतलेलं पांढरं पातळ नेसली होती. पन बोलावनं आलं ते विषय तीनलेच.

आत गेली तं खाप्याचा कवडूबुवा उभा. म्हातारा, संस्थेचा प्रतिनिधी, बोर्डावर पह्यल्यापासून. हातातला कागद रागानं टेबलावर आपटून राहिला.

"आमच्या संस्थेनं यंदा सारं सूतकर्ज फेडलं. पावत्या आहे माह्यापाशी. लोकायनं बायकायचे डाग-दागिने मोडले. अन् तुमच्या कागदावर बेचाळीस हजार बाकी?"

दुसरा मेंबर म्हने, "माह्या कागदात तं खाप्याची बाकी शून्य आहे."

"मंग तुह्या कागद वेगळा अन् माह्या वेगळा?"

साऱ्यायनं एकमेकाचे कागद ओढले. गलका झाला. मार्तंडराव उठले अन् एकदम शांत आवाजात म्हने, "आकडे कॉम्प्युटरचे आहे, ते चुकत नाई. नावं टाइपाचं काम गजभिये बाईचं. अन् अध्यक्ष महाराज, विषय अकरा आता पुढच्या सालावर ढकलला तं बरं."

पुष्पलतानं कवडूबुवाच्या हातातला कागद पाह्यला. शामलाचा होता. खापा सदतिसावं नाव, ते अडतिसाव्या ओळीवर उतरलं होतं. तळाशी शेवटचे दोन नावं बेरजेच्या रेघेवर जाऊ नये म्हनून दाटीनं कोंबले होते. शामला दारातच उभी, तोंड पांढरं पडलेलं.

तिचं नाव घेतलं असतं तं पुष्पलता सुटली असती. घेतलं नाई.

"कागद माह्या टेबलावरचा आहे," ती म्हने. "पन चूक कोठून आली ते दाखवतो, पाच मिनटं द्या."

"बाई, बाहेर बसा," मार्तंडराव म्हने.

"तेरा वर्स बाहेरच बसली साहेब. आता बोलू द्या."

तिनं मोजाले म्हनून काढलेले दोन कागद पिशवीतून काढले, एक कॉम्प्युटरचा, एक आपल्या मशीनीचा, दोन्हीवर नुसत्या ओळी होत्या. कडेले कड लावून टेबलावर ठेवले. वरची ओळ वरच्या ओळीशी जुळवली. "आता खाली पाहा बुवा."

कवडूबुवानं चष्मा पुसला. अंगठ्याच्या नखानं एक-एक ओळ मोजत खाली गेला, मांडीवर लुगडं घेऊन काठ तपासावा तसा. मोजता मोजता त्याचा राग उतरत गेला. तळाशी पोहचला अन् हसाले लागला.

"अरे साहेब! एक फनी इंचाले अठ्ठेचाळीस धाग्याची अन् दुसरी पन्नासची, दोन्ही एकाच मागावर लावल्या का गा तुम्ही? काठ सरळ येईन का?"

नऊच्या नऊ विणकर. कागद फिरला, ज्यानं-त्यानं नख लावलं, अन् सारे हसाले लागले.

"हे या बाईनं आंधी सांगतलं नाई का?" अध्यक्षानं इचारलं.

मागं उभ्या कृष्णकांतनंच खाली मान घालून सांगतलं, "सांगतलं होतं. पाच नावामागं एक ओळ कोरी मागितली होती."

"कागद वाचवाले?" कवडूबुवा म्हने. "आमची अब्रू घालून कागद वाचवला का?"

विषय अकरा त्याच दिवशी झाला, एकमतानं. बाहेर आल्यावर मार्तंडराव तिले म्हने, "बुवा अन् तुम्ही, खाप्याचे ना दोघंही? तरीच." शामलानं तिचा हात धरला, तिले म्हने, "ताई, काहून वं माह्यं नाव नाई घेतलं?" तं ही म्हने, "आता पुढच्या टायमाले ओळ-ओळ जुळवजो."

पन खुशी आठ दिवसच टिकली. सेवापुस्तक भराले बोलावलं, तं त्यात नोकरी चालू झाल्याची तारीख लिहिली होती मीटिंगची. त्र्याहत्तर साल कोठीच नाई.

"साहेब, मागचे तेरा वर्स?"

"ठरावात आजपासून लिहिलं आहे बाई."

"ठराव कोनी लिहिला?"

"मी."

"मंग ते तेरा वर्स मी कोनत्या रकान्यात टाकू?"

"त्याले रकानाच नाई या पुस्तकात," मार्तंडराव म्हने, अन् पेनाले टोपन लावलं.

ती ते पुस्तक आपल्या टेबलावर घेऊन आली. मागच्या कोऱ्या पानावर तिनं रेघा मारल्या, पासून, पर्यंत, किती दिवस, शेवटी सहीचा रकाना. साऱ्या ऑर्डरी समोर ठेवून दर ऑर्डरीले एक ओळ भरली. घरी बसवलेले आठ-आठ दिवसही सोडले नाई, ते वेगळ्या रकान्यात. मार्तंडरावनं पाह्यलं अन् पुस्तक बंद केलं. सही केली नाई.

दर जुलैमधी ती ते पान घेऊन साहेबाकडे जाये. मार्तंडराव रिटायर झाले, दुसरा साहेब आला, तो म्हने पाहतो. तो गेला, तिसरा आला. त्यानं मात्र पान पुरं वाचलं, बोट ठेवून दिवस मोजले, अन् म्हने, "बाई, हे तं सारं बरोबर आहे. पन हे त्या वेळच्या साहेबाच्या काळातलं आहे, सही त्यायचीच पाहिजे."

मार्तंडराव त्याच्या आंधीच्या उन्हाळ्यात वारले होते.