शाल वगळून

तोंडावर मी त्यांना अण्णा म्हणायचो, मनात झुंबऱ्या. आता कबूल करायला काय हरकत आहे? मला त्या माणसाचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही, अंगाचा तिळपापड व्हायचा.

झुंबरअण्णा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. पंचवटीत आमच्या कबड्डी मंडळाच्या मैदानामागे उज्वलाताईंची चहाची टपरी आहे, तिथे ते रोज संध्याकाळी यायचे. लेकाचा जुना टी-शर्ट, पायात स्लीपर. बशीत चहा ओतायचे आणि गप्प बसायचे. बडबड आमचीच. कोणता चढाईपटू कुठल्या मंडळात चालला, कोणाचा गुडघा कामातून गेला, कोणाला सोडायचं, कोणाला आणायचं. जुलै उजाडला की नुसता ऊत यायचा, कारण खेळाडूंच्या बदलीचे अर्ज एकतीस तारखेला संध्याकाळी पाचला बंद होतात. आम्ही घसा फोडून भांडायचो आणि मग मंडळाचे अध्यक्ष सावळीरामशेठ यायचे, खुर्ची ओढायचे आणि विचारायचे, "अण्णा काय म्हणतात?"

अण्णा काय म्हणतात! अहो, मी जिल्ह्यातल्या प्रत्येक सामन्याचे गुण मोबाईलमध्ये टिपून ठेवतो. कोणाच्या किती चढाया, किती पकडी, सगळं तोंडपाठ. आणि या माणसाला साधा मेसेज उघडता येत नाही! पण तीस वर्षं त्यांनी मुक्कामाच्या गाड्या नेल्या. सटाणा, दिंडोरी, घोटी. गाडी उभी केली की बाकीचे ड्रायव्हर पत्ते कुटायचे आणि हे गावाच्या मैदानावर जाऊन पोरांचा खेळ बघत बसायचे. कोणत्या पोराच्या पायात वीज आहे आणि कोण नुसता उड्या मारतो, ते त्यांना एका नजरेत कळायचं. माझं सगळं टिपण त्यापुढे पाणी कम चाय. लोक माझं ऐकायचे आणि त्यांना विचारायचे.

यंदा मंडळात एकच जागा रिकामी होती. मी म्हणत होतो, नाशिकरोडचा बंटी घ्या. अण्णा म्हणाले, "सटाण्याकडचा रोहित घ्या. लय गुणी पोरगं हाय. दोन वर्षांत राज्याला खेळंल." झालं, विषय संपला. माझ्या मोबाईलकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. माझं असं झालं होतं की एकदा, फक्त एकदा, शेठनी मान वळवून म्हणावं, महेश काय म्हणतो?

एकतीस तारीख. चार वाजून गेलेले. रोहितच्या गावच्या मंडळानं त्याला सोडायला हरकत नसल्याचा कागद द्यायचा होता, त्याची आम्ही वाट बघत होतो. अण्णांचा फोन वाजला. इंजिनाशेजारी बसून बसून त्यांचे कान गेलेले, फोनवर काही म्हणता काही ऐकू यायचं नाही. त्यांनी फोन माझ्याच हातात दिला. "महेश, घे रे बाबा. तुझ्यावानी नीट कोण ऐकतंय?"

पलीकडे रोहितचा गुरू, मोतीराम. आनंदानं अहिराणीत ओरडत होता, "पोऱ्याले आज गावनी शाल-नारळ दिधा भो! राज्याना शिबिरमा निवड व्हयनी. कागद तयार शे, अण्णाले सांग."

"सांगतो," म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हनला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेठसुद्धा. मी अण्णांच्या कानाशी वाकून म्हणालो, "गावानं त्याला नारळ दिला म्हणे."

एक अक्षर खोटं नव्हतं. फक्त शाल गिळली.

अण्णांचा चेहरा उतरला. "काढून टाकला? परत लाव बरं."

"लागत नाहीये," मी म्हटलं. लावलाच नव्हता.

मग अण्णा स्वतःच म्हणाले, "राहू द्या शेठ. गाव उगाच नारळ देत नाय. पोरात कायतरी खोट असंल, माझंच बघन्यात चुकलं." शेठनी घड्याळ पाहिलं आणि मान वळवली. "महेशभाऊ, तुमचा तो बंटी कुठंय?" बंटीच्या मंडळाचा कागद मी आधीच आणून ठेवला होता, पावणेपाचला त्याचा अर्ज गेला. मी सगळ्यांना चहा पाजला. काय गोड लागला तो चहा, काय सांगू!

तिसऱ्या दिवशी मोतीराम स्वतः टपरीवर हजर. उभ्या उभ्याच अण्णांना म्हणाला, "अण्णा, आमचं काय चुकलं? शाल-नारळ देऊन गावानं पोराला तुमच्यासाठी मोकळं केलं. पोरगं पिशवी भरून बसलं होतं. पाच वाजले, सहा वाजले, तुमचा निरोपच नाही. गावच्या संघात त्याची जागा भरली, आता वर्षभर त्यानं कुठं खेळायचं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्यांना कळलं होतं, मी शपथेवर सांगतो, त्यांना सगळं कळलं होतं.

मग त्यांनी मोतीरामपुढे हात जोडले. "माझ्या कानाचा दोष हाय रे. महेशनं बरोबर सांगितलं व्हतं, शाल मलाच ऐकू आली नाय. चल, मी येतो पोराकडं. माफी मागतो त्याची."

आणि गेले की हो! तसेच, त्याच स्लीपरवर, मोतीरामच्या मागे, सटाण्याच्या गाडीला. शेठ त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाले, "या वयात पोराची माफी मागायला चाललेत. मानलं बुवा अण्णांना!" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला कोणी काही विचारलं नाही.

लाज मला वाटली, नाही कशी? पण ती घरी गेल्यावर, जेवण समोर आलं तेव्हा. तिथे टपरीवर मी नुसता जळत उभा होतो.