उस्मानभाऊंचा हात

उस्मानभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी लोणावळ्यात, तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या जिन्याखाली, कॅमेऱ्यांच्या वायरींत डोकं खुपसून बसलो होतो. फोन त्यांच्या मुलीचा, शबानाचा होता. "दादा, अब्बा गेले. चहा घेता घेता..." मी "आलोच" म्हणालो, फोन खिशात ठेवला, आणि त्यानंतर पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते इथे लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता हे कुणालाच कळणार नाही, असं वाटलं. क्षणभरच असेल, पण वाटलं. मग रडू आलं. क्रम मात्र हाच होता.

कामशेतच्या बाजारात भाऊंचा फोटो स्टुडिओ होता. मावळातली निम्मी लग्नं त्यांनी टिपली असतील, पण त्यांचं खरं काम लग्न संपल्यावर कितीतरी वर्षांनी सुरू व्हायचं. गावातलं कुणी म्हातारं गेलं की दहाव्याच्या आत घरचं माणूस स्टुडिओत यायचं. "भाऊ, आईचा येक बी फोटो न्हाई." भाऊ विचारायचे, "तुमच्यात लग्न कुनाचं झालं, आन् कवा?" मग त्या लग्नाच्या निगेटिव्ह निघायच्या. पंगतीच्या टोकाला, मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली ती बाई ते भिंगातून शोधायचे आणि गर्दीतून अलगद बाहेर काढायचे. मागचा वाढपी पुसायचा, पदर सारखा करायचा, फोटो मोठा करून काचेत बसवून द्यायचा. "बाप्ये सापडत्यात रं," ते मला म्हणायचे. "बाया लय अवघड. येक तर चुलीम्होरं, न्हाई तर पाठमोऱ्या." पवन मावळात आणि अंदर मावळात आजही किती भिंतींवर त्यांनी शोधून काढलेल्या आया आणि आज्या आहेत.

मी लोणावळ्याचा, आयटीआय करून कॉम्प्युटर दुरुस्तीत पडलेला. भाऊ मला "विंजिनेर" म्हणायचे. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्याकडच्या पावसात निगेटिव्हना बुरशी लागते. दर वर्षी चार-दोन डबे हातचे जायचे आणि भाऊ हळहळायचे. "स्कॅन करा सगळं आणि मी देतो त्या डब्यात ठेवा," असं मीच म्हणालो. दोन डिस्कचा, दुकानातल्या नेटला जोडायचा डबा. भाऊ पाच वर्षं स्कॅन करत होते. एकेक लग्न व्हायचं, त्याला नाव द्यायचं, गाव लिहायचं. झालेल्या निगेटिव्हचं काय करू, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "फेका की आता. बुरशी पाळायचीय का?" त्यांनी फेकल्या. डबा उघडून मी दोन डिस्क दाखवल्या, एक गेली तर दुसरी आहेच म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी मान तिरकी करून विचारलं होतं, "पर दोनी येकाच डब्यात? मंग चोर डबाच घिऊन गेला तर?" मी हसलो होतो. चोर बाहेरूनच येतो असं त्यांना वाटत होतं आणि मलाही.

आता थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. अशा डब्याच्या पोटात एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते, आणि तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आमच्या डब्याचा कर्नल जुना होता. कंपनीने त्याच्याकडे बघणं केव्हाच सोडलं होतं, म्हणून तर डबा मला स्वस्तात मिळाला. कुठला फोटो डिस्कवर कुठे आहे याची मांडणी सांभाळते ती फाईल सिस्टीम. ती दोन प्रकारची निवडता येत होती. एक साधी, जुनी, मुरलेली. दुसरी नवी, हुशार, चुकून काही पुसलं तर कालचं परत आणून देणारी. नव्या कर्नलवर ती उत्तम चालते. जुन्यावर कच्ची होती... डिस्क भरत आली की तिला आपणच ठेवलेल्या वस्तू सापडेनाशा व्हायच्या, आणि हा घोळ ती इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर उतरवायची. इंटरनेटवर लोक कळवळून हे लिहीत होते. मी ते वाचलं होतं. तरी नवीच निवडली. कालचं आज परत आणता येतं हे भाऊंना करून दाखवायचं होतं मला. दाखवलंही. त्यांनी तोंडात बोट घातलं, आणि मी आठवडाभर त्या कौतुकावर तरंगत होतो.

भाऊंची एक जुनी सवय होती. दुकान वाढवताना मेन स्विच खाली ओढायचा, तोच हात कपाळाला लावायचा, मग शटर. शेजारचं कापडाचं दुकान एकदा शॉर्टसर्किटने जळालं, तेव्हापासून एक दिवस चुकलं नव्हतं. मी बजावलं, आता मेन बंद करायचा नाही, डबा एकदम बंद पडला तर बिघडेल. लाईट गेली तर तासभर पुरेल अशी बॅटरीही जोडून दिली. स्विचच्या वर कागद छापून चिकटवला, "बंद करू नये". भाऊ दुकान वाढवताना उजवा हात खिशात घालून शटरपर्यंत जायला लागले. "चुकून जायाचा रं त्येच्याकडं," म्हणायचे. आम्ही हसायचो.

एके दिवशी डबा उघडेना. दिवा लागलेला, पंखा फिरतोय, पण आत काहीच दिसेना. मी दोन दिवस तो लोणावळ्याला आणून खटपट केली. आतल्या नोंदी वाचल्या. त्यात स्वच्छ दिसत होतं, डबा सात महिने सलग चालू होता, आणि त्याआधीही अचानक कधी बंद पडलेला नव्हता. डिस्क भरत आली आणि फाईल सिस्टीम आतल्या आत कोसळली, बस. जे लोकांनी लिहिलं होतं, तसंच.

मी कामशेतला गेलो आणि भाऊंना विचारलं, "मेन बंद केला होता का कधी?"

हा प्रश्न नव्हता. उत्तर मला ठाऊक होतं. भाऊंनी स्विचकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. "न्हाई बा... याद तर न्हाई. पर आसंल. सवयीनं ग्येला आसंल हात." मी म्हणालो, "बघा, म्हणूनच सांगत होतो." असं म्हणालो मी. वर मान हलवली. तुंगार्लीतल्या आठ बंगल्यांत तसलेच डबे मी कॅमेऱ्यांसाठी बसवले होते, त्या मालकांच्या कानावर गेलं असतं तर माझा धंदा बसला असता. पुढच्या महिन्यात ते आठही डबे मी गुपचूप बदलले. साधी, जुनी, मुरलेली फाईल सिस्टीम घातली. भाऊंचा रिकामा डबाही तीच घालून पुन्हा स्टुडिओत लावून दिला. आजतागायत एकालाही काही झालेलं नाही.

त्यानंतरचा एक प्रसंग माझा पिच्छा सोडत नाही. मी स्टुडिओत चहा पीत बसलो होतो. मळवलीकडचा एक माणूस आला, डोक्याचे केस नुकतेच उतरवलेले. आई गेली होती. थोरल्या भावाच्या लग्नात ती होती, तेवढा एक फोटो पाहिजे होता. भाऊ उठून उभे राहिले. "आबा, माजा गुन्हा झाला," म्हणाले. "सगळे फोटू ग्येले. माज्याच हातानं ग्येले." आणि तो उजवा हात त्यांनी पुढे करून दाखवला. त्या माणसाने उलट त्यांचीच समजूत काढली, "आसू द्या भाऊ, वय झालं, व्हतं आसं," आणि रिकाम्या हाताने गेला. मी चहा संपवला. कप खाली ठेवला.

सांगीन, सांगीन म्हणत तीन वर्षं गेली. दर ईदला मी शिरखुर्मा खायला जायचो, आज सांगू असं ठरवून जायचो आणि दुसरी वाटी मागून परत यायचो.

भाऊंचा चाळिसावा दिवस झाल्यावर त्यांच्या पत्नी जुबेदाभाभींनी मला बोलावलं. स्टुडिओ रिकामा करायचा होता. "मेन तेवडा बंद करून दे," म्हणाल्या. "ह्यांनी कदी कुनाला हात लावू दिला न्हाई, माजी बी हिंमत होईना." मी स्विचपाशी गेलो. माझा छापील कागद पिवळा पडला होता. त्याच्याच खालच्या कोऱ्या जागेत बॉलपेनने, भाऊंच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: "उस्मान, हात लावू नको. तुझा भरवसा न्हाई."

मी तिथेच स्टुलावर बसलो आणि भाभींना सगळं सांगितलं. कर्नल वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच, की चूक माझी होती, त्यांचा हात कधीच गेला नव्हता आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

भाभी रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. "जेवता जेवता उटायचे," त्या म्हणाल्या. "अर्ध्या ताटावरनं. 'मेन बगून येतो' म्हनत. पार घरनं हितवर चालत. शेवटी शेवटी घरातला ग्यास बी मला बंद करायला लावायचे. माजा हात खोटा हाय म्हनायचे." मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपेग? त्यांना सांगायचं व्हतं."

मी स्टुलावरून उठलो, तशा त्या पुढे म्हणाल्या,

"त्यांना सांगायचं ऱ्हायलं. लोकांना तरी सांग. समद्या मावळाला वाटतंय, ह्यांनी घालवलं."

म्हणून हा लेख. आईचा, आजीचा फोटो मागायला स्टुडिओत येऊन जे कुणी रिकाम्या हाताने गेले, त्यांनी कृपा करून वाचावा आणि शेजारच्याला वाचून दाखवावा. तुमचे फोटो उस्मानभाऊंच्या हातून गेले नाहीत. माझ्यामुळे गेले. तो हात शेवटपर्यंत खिशात होता.

मेन मी बंद केला. बॅटरी केव्हाच मेली होती; डब्याचा पंखा घरघर करत थांबला. तो कागद मला ठेवायला द्याल का, असं मी भाभींना विचारलं. त्यांनी तो भिंतीवरून हलकेच सोडवला, मधोमध घडी घातली, नखाने घडी दाबली आणि फाडला. खालचा भाग पदराच्या टोकाला बांधला. वरचा माझ्या हातात दिला. "ह्ये तुजं हाय," म्हणाल्या, "ह्ये ने."

तो आता माझ्या कामाच्या टेबलावर आहे. छापील तीन शब्द, आणि खालची कड फाटलेली.