देवनहळ्ळीत फोडणीवाचून

सांगलीहून निघताना आमच्या सामानात एक पिशवी जास्तीची होती. तिच्यात काकड्या, गाजरं, किसणी आणि ओल्या फडक्यात बांधलेले मोडाचे मूग होते. माझी बायको शैला दिवाळीपासून शिजवलेलं काही खात नाही. फळं, कोशिंबिरी, मोड आलेले मूग-मटकी, ओलं खोबरं, भिजवलेले शेंगदाणे, एवढ्यावर ती राहते. डॉक्टरांनी नुसतं वजन उतरवा म्हटलं होतं, हिने गॅसच बंद केला. चहासुद्धा सोडला. तिला चहा पिताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे किती मोठं आहे ते कळेल.

आम्ही बंगळूरला फिरायला चाललो नव्हतो. आमची मुलगी मुग्धा तिथे हेब्बाळला नोकरी करते, आणि तिच्याच ऑफिसातल्या निखिलशी तिचं जमलं आहे. निखिलचं घर मराठीच, पण दोन पिढ्या कर्नाटकात मुरलेलं. वडील सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. आईला अक्का. घरात शब्द अक्कांचा चालतो आणि त्यांनी अजून होकार दिला नव्हता. "आधी मुलीकडची माणसं आमच्याकडे जेवून जाऊ देत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. आणि आमच्याकडचं एक माणूस तर जेवतच नव्हतं.

बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनवर सकाळी उतरलो तेव्हा हवा छान गार होती. मुग्धा न्यायला आली होती. तिने आधी पिशवीकडे पाहिलं आणि मग आमच्याकडे.

"आई, प्लीज. एकच मील. आज खा ना थोडंसं."

"आणि लग्नानंतर? दर सणाला तिथे खोटं जेवत बसू?" शैला म्हणाली. "जे आहे ते आजच कळू दे त्यांना."

मुग्धाने सुस्कारा सोडला. "मी निखिलला सांगून ठेवलंय, आईसाठी काहीतरी कच्चं ठेवा म्हणून. अक्का फक्त 'सरी' (बरं) म्हणाल्या. रागावल्यात का नाही, काही कळत नाही."

तिच्या खोलीवर आंघोळी उरकून आम्ही टॅक्सीने देवनहळ्ळीकडे, निखिलच्या घरी निघालो. हेब्बाळच्या पुलावर गाड्या अशा अडकल्या होत्या की खालच्या तळ्यातले बगळे आरामात बघून झाले. पूल सुटला तसा विमानतळाचा रुंद रस्ता लागला. दोन्हीकडे द्राक्षांचे मांडव, आणि मांडवाला चिकटूनच प्लॉट विक्रीच्या पाट्या. एरवी मी या दृश्यावर चार शब्द जास्त लिहिले असते, पण मागच्या सीटवर मायलेकी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि माझं लक्ष तिकडेच होतं.

देवनहळ्ळीच्या अलीकडे एक बाई रस्त्याकडेला चक्कोता (पपनस) विकत बसली होती. इथली पपनसं नावाजलेली आहेत. शैलाने टॅक्सी थांबवली. बाईने एक फळ सोलून गुलाबी फोड पुढे केली. "स्वल्प हुळी," म्हणाली, म्हणजे किंचित आंबट. शैलाने उभ्या उभ्या अख्खं फळ संपवलं. तिलाही भीती वाटत होती, हे मला तेव्हा समजलं. ती घाबरली की अशी भराभर खाते.

निखिलचं घर नव्या वसाहतीत होतं. दारात रांगोळी होती. "बन्नी, बन्नी, या," म्हणत अण्णा पुढे आले. बसतो न बसतो तोच अक्कांनी वाफाळती कॉफी आणली. शैलाने हात जोडले. "मी घेत नाही, अक्का." अक्कांनी तो पेला माझ्यापुढे ठेवला. दोन पेले कॉफी पिताना मला घाम फुटला.

जेवायला टेबलावर केळीची पानं मांडली होती. मुग्धा, अण्णा, निखिल, मी आणि शैला. अक्का नेहमीप्रमाणे वाढायला उभ्या. आमच्या पानांत सारू (आमटी), भात, बीन्सची भाजी आणि ओब्बट्टू (पुरणपोळी) आली. शैलाच्या पानात मात्र कोसंबरी होती. भिजवलेली मूगडाळ, बारीक चिरलेली काकडी, खोबरं, लिंबू. भरपूर, अगदी डोंगर. माझा जीव भांड्यात पडला. मुग्धाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

तेवढ्यात अक्का पुन्हा आत गेल्या आणि पळी घेऊन बाहेर आल्या. कोणी काही म्हणायच्या आत मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी त्यांनी शैलाच्या कोसंबरीवर ओतली.

"पाहुण्यांना नुसतं कसं वाढायचं?" त्या कौतुकाने म्हणाल्या.

खमंग वास सुटला. निखिलने कपाळाला हात लावला. मुग्धा आईकडे बघत होती. खा, एवढंच तिचे डोळे म्हणत होते.

शैलाने हात मागे घेतला. "अक्का, तुम्ही एवढं केलंत. पण फोडणीचं मला चालत नाही."

मला शैलाचा राग आला. अगदी मनापासून आला. एक चमचा तेलापायी पोरीचं लग्न मोडणार, असं वाटलं. अक्का पळी हातात धरून तशाच उभ्या होत्या.

"फोडणी पण नाही?"

"नाही."

"मग तुमच्या घरी ऊट (जेवण) कोण करतं?"

आता मात्र मला पानात तोंड लपवावंसं वाटलं. शैला सरळ म्हणाली, "ज्याला शिजवलेलं लागतं, तो शिजवतो. हे करतात."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शैलाकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "आणि तुम्ही सकाळी काय करता?"

"बसते," शैला म्हणाली. "गॅलरीत. इतकी वर्षं आठच्या आत डबे भरले, अक्का. वजनाचं निमित्त झालं. मला ओट्यापाशी उभं राहायचं नव्हतं."

हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. अक्का आत गेल्या. अण्णा भात कालवत राहिले, खाल्ला मात्र नाही. मुग्धाचे डोळे भरून आले होते.

अक्का आल्या त्या एक अख्खी काकडी, सुरी आणि स्वतःसाठी एक पान घेऊन. खुर्ची ओढून त्या शैलाशेजारी बसल्या, फोडणीची कोसंबरी स्वतःच्या पानात घेतली आणि काकडी शैलाला दिली.

"अम्मा, तू बसलीस?" निखिल म्हणाला.

"हो. सारू वाढ सगळ्यांना."

तो उठला. त्याने मुग्धाच्या पानावर निम्मं सारू सांडलं, पण वाढलं. निघताना अक्कांनी शैलाची ओटी भरली. लग्नाबद्दल एक अक्षर काढलं नाही.

सांगलीला आल्यावर मी दर फोनला दचकत होतो. एवढा प्रवास करून मी एक शहर पाहिलं म्हणायला जीभ धजत नाही. इतकी वर्षं माझ्याच स्वयंपाकघरात उभी असलेली बाई मला देवनहळ्ळीत दिसली, हे मात्र खरं.

अक्कांचा फोन रविवारी सकाळी आला. शैला गॅलरीत होती, मी उचलला.

"मुग्धा आमचीच," अक्का म्हणाल्या. "मुहूर्ताचं शैलाताईंशी बोलेन. आता तुमच्याशी काम आहे. फोन यांना देते."

पलीकडे काहीतरी खणखणलं. मग अण्णांचा दबका आवाज आला. "अहो, ही बाहेर जाऊन बसली आहे. भाताला पाणी किती घालायचं असतं?"