उन्हात वाळवलेला चुना

पाण्याखाली शूटिंग करणाऱ्या एका कंपनीत मी पाणबुड्या होतो. बुडबुड्यांना मासे बुजतात, म्हणून आमच्या पाठीवर वेगळं यंत्र असायचं. सोडलेला श्वास बाहेर न जाता चुन्याच्या डब्यातून फिरायचा. चुना त्यातला वाईट वायू शोषून घ्यायचा, यंत्र ऑक्सिजन मिसळायचं, की तोच श्वास परत तोंडात. गावातले विचारायचे, कंपनीला चुना लावायची नोकरी का रे? मी हसून सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर ऐकायला होतं कोण?

खाडीकाठच्या अंजूर गावातल्या घरात आई आणि मी, दोघंच उरलो होतो. शेतांवर गोदामं उभी राहिली आणि माझे भाऊ ठाण्याला फ्लॅटमध्ये गेले. आईला माझ्या कामातलं एकच ठाऊक होतं, की चुना पुरेल तेवढाच वेळ मी खाली राहतो. निघताना ती विचारायची, "आज किती टाइम पुरंल?"

हा हिशेब काही सरळ नव्हता. पुस्तकात तीन तास लिहिलेले, पण पाणी गार असलं, अंगमेहनत जास्त झाली, की चुना आधीच संपतो. आणि संपल्याचं तो सांगत नाही. डोकं जड होतं, कधी तेही नाही, आणि माणूस शुद्ध हरपतो. मी आपला निम्मा वेळ धरायचो. घरी आलो की वापरलेला चुना परसात गोणपाटावर ओतायचो. आईला ती नासाडी बघवायची नाही.

एका सकाळी डबा भरायला घेतला. ताजा चुना किंचित ओलसर असतो, हा भुरभुर उडाला. वास घेतला, तर सुक्या बोंबलांचा. मी टाकलेला चुना आईने मासळी सुकवायच्या चटईवर उन्हात वाळवला होता आणि माझ्या ताज्या चुन्याच्या पिंपात परत भरला होता. दिसायला नव्यासारखाच पांढरा.

माझा आवाज चढला. ती गोंधळली.

"तू सारा टाकून देतंस. सुकवला का परत कामाला येल, तुला पान्यात जास्त टाइम पुरंल, म्हून."

वापरलेला चुना वाळवला तरी वायू नीट शोषत नाही, हा चुना घेऊन उतरलो असतो तर परत आलो नसतो, हे तिला मी त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं. काळ आला होता, वेळ आली नव्हती, इतकंच. तिने चटई उचलली आणि खाडीकडे टाकून आली.

त्यानंतर किती टाइम पुरंल हे तिने कधी विचारलं नाही. निघताना उंबऱ्याशी मी उगाच थांबायचो. ती आत भांडी घासत असायची, आणि मला फार एकटं वाटायचं.

संध्याकाळी खुंटीवरचा माझा घामेजला शर्ट लांबूनच दाखवून विचारायची, "याला हात लावू का?" मी हो म्हटल्यावरच तो धुवायला घ्यायची.