पहिल्या रांगेतली आकारामची खुर्ची

गैबी पेंटरचा हात शिवाजी पेठेत नावाजलेला होता. दुकानाची पाटी असो की ट्रकच्या मागची अक्षरं, गैबीनं काढलेला 'क' रस्त्यापलीकडून ओळखू यायचा. पण पाट्यांत त्याचा जीव नव्हता. त्याला नाटकाचा पडदा रंगवायचा होता, चांगला वीस फुटी; राजवाडा, पुढं कारंजं, मागं डोंगर. आता वीस फुटी पडद्याला आधी तेवढं नाटकघर लागतं, आणि पेठेतल्या हौशी मंडळाकडं तर संवाद पाठ करायलाही धड जागा नव्हती.

१९६८ साली त्यांना गुळाची एक वखार मिळाली. व्यापाऱ्यानं धंदा नव्या बाजारात हलवला होता, जुनी वखार त्यानं मंडळाला वापरायला दिली. मंडळवाल्यांनीही डोकं चालवलं. गाडीतून ढेपा उतरवायचा उंच ओटा रंगमंच झाला. तराजू टांगायच्या आकड्याला दिवे लटकले. दिवाणजींच्या कोंदट खोलीत बायकांची रंगरंगोटी सुरू झाली. फरशीत मुरलेला गूळ मात्र घासून घासून निघेना. नायिका मरून पडली की तिच्यावर मुंग्या चढायच्या, आणि ती बिचारी मेल्यावरही पाय खाजवायची. तरी लोक यायचे, पोती अंथरून बसायचे.

मग चिटणीस बाळासो मास्तरांनी खुर्च्यांची युक्ती काढली. अठरा रुपये द्या, मंडळ घडीची खुर्ची घेईल आणि तिच्या पाठीवर तुमचं नाव घालेल, जिवंत माणसाचं नाहीतर मेलेल्याचं. देवळाच्या पायरीपासून दवाखान्यातल्या पंख्यापर्यंत जिथं म्हणून जागा असेल तिथं नाव घालायची आपल्याकडं केवढी हौस! दोन महिन्यांत वखार भरत आली. नावं घालायचं काम गैबीकडं, अर्थात फुकट.

सगळ्यात पहिले अठरा रुपये धोंडुबाईचे. ती डंकावर मिरची कांडायला जायची, आणि तिच्या नोटा मोजताना मास्तर चारदा शिंकले. तिचा नवरा आकाराम ह्याच वखारीत हमाल होता. इथंच एका दुपारी पाठीवर ढेप असतानाच तो कोसळला होता.

"सव्वीस वर्सं त्येनं हितं वझी वाहिली," धोंडुबाई म्हणाली. "एक डाव टेकल्याला बघितला न्हाय म्या. त्येच्या नावची खुर्ची असू दे हितं. अगदी म्होरं."

गैबीनं जीव ओतून अक्षरं काढली. कै. आकाराम यांच्या स्मरणार्थ, धोंडुबाई यांजकडून. पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची.

उद्घाटनाला चार दिवस उरले आणि कागलचे सयाजीराव ठेकेदार मंडळाला पावले. गळक्या छपराला नवे पत्रे आणि वीस फुटी पडद्याचं कापड, रंगासकट. अट एकच, पहिल्या रांगेतल्या नऊच्या नऊ खुर्च्यांवर त्यांच्या घरची नावं पाहिजेत. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या आठ खुर्च्या कोऱ्या होत्या. नववी आकारामची. दुसरी कोरी खुर्ची मंडळाकडं नव्हती, आणि एवढं देणाऱ्या माणसाकडं आणखी अठरा रुपये मागायची कुणाची छाती होईना.

"दुसऱ्या कुणाचं पुसलं तर भांडाय येत्यात," बाळासो मास्तर गैबीला म्हणाले. "धोंडुबाईला कुठं वाचाय येतंय? तिला म्होरल्या खेपंला नवी देऊ की."

गैबीला नाही म्हणता आलं असतं. ब्रश त्याच्या हातात होता, मास्तरांच्या नव्हे. पण कोपऱ्यात पांढऱ्या कापडाची गुंडाळी उभी होती आणि त्याला तिच्यावरचं कारंजं दिसायला लागलं होतं. त्यानं आकारामवर हिरव्या रंगाचा हात फिरवला आणि वर सयाजीरावांच्या आजोबांचं नाव घातलं, कै. रखमाजीराव.

उद्घाटनाला धोंडुबाई धुतलेलं लुगडं नेसून आली. "कुठली रं गैबी, आमची?"

गैबीनं बोट दाखवलं. खुर्ची तर तीच होती, यात खोटं काय?

"वाच की जरा मोठ्यांदी."

गैबीनं वाचलं, "कैलासवासी आकाराम यांच्या स्मरणार्थ, धोंडुबाई यांजकडून."

तिनं पदरानं खुर्ची पुसली, हात जोडले आणि शेजारी फरशीवर बसकण मारली. खुर्चीत काही बसली नाही. एक जाडजूड पाहुणे येऊन बसले तेव्हा ती कौतुकानं म्हणाली, "बसा पावणं, निवांत बसा. आमच्या मालकांची हाय." पडदा सरकला, मागचा राजवाडा दिसला आणि लोकांनी कारंज्यालाच टाळ्या दिल्या. बारा वर्षं जी गोष्ट मनात धरली ती समोर उभी होती, आणि गैबीला मान वर करवेना.

पुढं प्रत्येक खेळाला तेच. ती यायची, खुर्ची पुसायची, "वाच की रं" म्हणायची आणि गैबी जे तिथं नव्हतं ते वाचून दाखवायचा. नवी खुर्ची काही आली नाही. कधी दिव्यांचा खर्च निघाला, कधी भिंत पडली. गैबीला पदरमोड करून एखादी घेता आली असती, पण मग पहिलीचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. एकदा तो मनाचा हिय्या करून तिच्या घरी गेलासुद्धा. तिनं चहा पाजला, पोराबाळांची चौकशी केली, निघताना हातात चटणीची पुडी दिली. ती पुडी घेऊन गैबी तसाच परतला. दोन दिवस त्याच्या घशाखाली ती चटणी उतरली नाही. तिकडं सांगलीपासून निपाणीपर्यंत त्याच्या पडद्यांचा बोलबाला झाला. नाटकाच्या जाहिरातीत त्याचं नाव छापून यायचं, आणि ते बघितलं की त्याला स्वतःचीच शरम वाटायची.

अशी अकरा वर्षं गेली. एके दिवशी जेवताना त्याची बायको शहाजादी हसत म्हणाली, "ऐकलं व्हय? धोंडुमावशी शाळंत जाती. सरकारनं म्हाताऱ्यांचा वर्ग काढलाय न्हवं. चार म्हैनं झालं."

गैबीनं ताट बाजूला सारलं. खेळ परवावर आला होता.

खेळाच्या दिवशी भर दुपारी तो वखारीत गेला. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं त्यानं रखमाजीराव पुसले. सयाजीराव पाच वर्षांत इकडं फिरकले नव्हते, कोण बघतंय? मग त्यानं आकाराम लिहिला, पहिल्यापेक्षा सुंदर. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी धोंडुबाई चष्मा लावून आली. "वाच की, गैबी."

"आता तूच वाच, मावशी. शिकलीस म्हणं."

तिनं वाकून एकेक अक्षर जुळवलं. "आ...का...राम." गैबीनं सुटकेचा श्वास टाकला. ती तशीच वाकून राहिली.

"मागल्या खेपंला हितं रखमाजीराव हुतं," ती म्हणाली.

गैबी एक पाऊल मागं सरला.

"मागल्या दोन्ही खेळांला मला वाचाय येत हुतं. अक्षरावर डोळं ठिवूनच तुला वाच म्हटलं. दोन्ही डाव तू आकारामच वाचलास. म्हटलं, आज तरी खरं सांगंल."

"चुकलं माझं, मावशी." त्याला रडू आवरेना. "पयल्यापास्नं चुकलं. पर आता घातलंय की नाव. पुसाय न्हाय देणार कुणाला."

"ह्ये रखमाजीराव कोण?"

"कागलच्या ठेकेदाराचा आजा."

"पुसताना त्येच्या माणसास्नी इचारलंस?"

गैबीनं खालच्या मानेनंच नकार दिला.

"म्हंजे माझं पुसलंस तसंच त्येचं बी पुसलंस." तिचा आवाज चढला नव्हता. "माझ्या माणसाला कुणाच्या जागंवर चोरून बसवू नगंस. आदी कागलला जा, त्येंच्यासमोर सगळं कबूल कर. मग माझ्याकडं ये."

पहिली घंटा झाली. पाहुणे आत यायला लागले. धोंडुबाईनं खुर्ची पुसली नाही, हातही जोडले नाहीत. ती रांगांमधून वाट काढत पार मागं गेली आणि पोत्यावर जाऊन बसली.