अठ्ठावीस दिवसांची लस

पेडण्याच्या बाजारात बाबुराव परबांचं तिकिटांचं दुकान आहे. दहा फूट बाय बारा फूट जागा, एक टेबल, एक संगणक, चार खुर्च्या आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर. तेवीस वर्षांत बाबुरावांनी तालुक्यातली निदान तीन हजार माणसं दुबई, दोहा, मस्कतला पाठवली. ते स्वतः विमानात कधी बसले नाहीत.

त्यांची ख्याती तिकिटांसाठी नव्हती. तिकीट म्हापशातही मिळतं. बाबुराव तारखा उलट्या मोजत. माणसानं जायचा दिवस सांगितला की ते पेन्सिलीनं कॅलेंडरवर मागे मागे सरकत जात: व्हिसाला इतके दिवस, मेडिकलला इतके, म्हणजे अर्ज अमुक सोमवारी. त्यांचा सोमवार चुकत नसे. त्यामुळे लोक त्यांना दाढ कधी काढावी, घराची कौलं कधी परतावीत, हेही विचारत.

मार्च २०२०मध्ये दुकान बंद पडलं, तेव्हा पुढच्या आठवड्याची एकोणीस तिकिटं रद्द झाली. त्यातलं एक पार्से गावच्या मंजुळाबाई नाईकांचं होतं. मंजुळाबाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या. त्यांचं माहेर आणि परबांचं घर एकाच वाड्यावर. बाबुराव त्यांच्याहून सात वर्षांनी लहान. मंजुळाबाईंचा एकुलता भाऊ नारायण छत्तीस वर्षं मस्कतला होता, आधी एका गोदामात, मग निवृत्त होऊन मुलाकडे, महेशकडे. मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्याला विमानप्रवासाची मनाई होती, म्हणून भेटायचं तर बहिणीनं जायचं. पासपोर्ट त्यासाठीच काढला होता. बॅगेत कोकमाची सोलं, कैरीची आंबोशी, भरलेल्या मिरच्या आणि पाच किलो उकडे तांदूळ होते. तिथल्या तांदळाची पेज नारायणाला पेज वाटत नसे.

मे २०२१पर्यंत लसी गावापर्यंत पोचल्या होत्या. गावात त्यांना कंपन्यांच्या नावांनी कोणी ओळखत नव्हतं. एक चौऱ्याऐंशी दिवसांची, एक अठ्ठावीस दिवसांची. दोन डोसांमधल्या अंतरावरून ही नावं पडली होती. पंचायतीच्या सभागृहात चौऱ्याऐंशीची मिळे. अठ्ठावीसची हवी तर म्हापशाला जावं लागे.

बाबुरावांनी कॅलेंडर काढलं. सीमा कधीही उघडतील, आणि उघडल्या की दोन्ही डोस झालेल्यांनाच आधी घेतील, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग अठ्ठावीस दिवसांत मोकळं व्हावं की चौऱ्याऐंशी दिवस अडकून पडावं? हिशेब सोपा होता. त्यांनी एकतीस गिऱ्हाइकांना फोन केला. त्यातल्या चौदा जणांनी ऐकलं. मंजुळाबाईंना ते स्वतः भाड्याच्या गाडीनं म्हापशाला घेऊन गेले. त्या दिवशी सतरा मे होती.

त्याच आठवड्यात त्यांच्या फोनवर तिकीटवाल्यांच्या गटात एक परिपत्रक फिरत होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत अठ्ठावीसची लस अजून नाही, परदेशी जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं, असं त्यात होतं. म्हापशाला निघण्याआधीच बाबुरावांनी ते वाचलं. जून-जुलैपर्यंत यादीत येईलच, असं त्यांना वाटलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला मस्कतनं दार उघडलं. चतुर्थी दहा दिवसांवर असूनही दुकानात बसायला जागा उरली नाही. नोकरीवर परतणारे तर होतेच, पण या वेळी निव्वळ फिरायला जाणारेही आले. पूर्वी पेडण्यातून असं कोणी येत नसे. दीड वर्ष घरात काढलेल्या माणसांना मालदीव आणि दुबईत फरक वाटत नव्हता. काजूचे व्यापारी अभिजीत देसाई बायकोला घेऊन आले आणि म्हणाले, “खंयचो पण देश दी, बाबुराव. लस घेतलंय ती वसूल होवक व्हयी.” त्यांची बायको शुभांगी म्हणाली की देश कुठलाही चालेल, फक्त तिथे यांच्या भावांपैकी कोणी राहत नसावं. सगळे हसले. देसाईंची लस पंचायतीतली होती. त्यांचं काम वीस मिनिटांत झालं.

मंजुळाबाई तिसऱ्या दिवशी आल्या. पिशवीत पासपोर्ट आणि प्लॅस्टिकमध्ये घातलेलं प्रमाणपत्र. बाबुरावांनी मस्कतला चालणाऱ्या लसींची यादी आदल्या रात्रीच पाहिली होती. चौऱ्याऐंशीची लस तिच्यात होती, अठ्ठावीसची नव्हती. त्यांनी बाईंना सांगितलं की थोडे दिवस थांबावं लागेल, कागद यायचा आहे. कसला कागद, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते एवढंच, की मिरच्या परत उन्हात घालू की राहू देत. बाबुराव म्हणाले, राहू देत, आणि पासपोर्ट त्यांनी तिकिटासाठी आपल्या खणात ठेवून घेतला.

पुढचे सहा आठवडे त्यांनी रोज सकाळी दुकान उघडल्यावर आधी ती यादी पाहिली. मधल्या काळात त्यांनी दोन डॉक्टरांना विचारलं की बाईंना दुसरी लस वरून देता येईल का. दोघांनी नकार दिला. दोन डोस नोंदलेल्या माणसाला लसनोंदणीचा संगणक तिसरा देत नव्हता. तिसऱ्या देशात राहून मग मस्कतला शिरायची वाट काही एजंट दाखवत होते. अडुसष्ट वर्षांच्या, मराठी आणि कोंकणीपलीकडे न बोलणाऱ्या बाईला एकटीला चौदा दिवस अनोळखी देशात ठेवायचं धाडस त्यांना झालं नाही. एका संध्याकाळी कॅलेंडरवर त्यांनी, या वेळी पुढच्या दिशेनं, मोजून पाहिलं. सतरा मेपासून चौऱ्याऐंशी दिवस म्हणजे नऊ ऑगस्ट. दुसऱ्या डोसानंतर थांबायचे चौदा दिवस वर धरले तर तेवीस ऑगस्ट. पंचायतीत लस घेतली असती तरी बाई दार उघडण्याच्या नऊ दिवस आधी मोकळ्या झाल्या असत्या. घाई करून वाचवलेल्या दिवसांचा कोणालाच काही उपयोग नव्हता.

नारायण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. महेशनं आधी बाबुरावांना फोन केला. आत्येला कोणीतरी समोर बसून सांगावं, असं त्याचं म्हणणं होतं. बाबुराव पार्सेला गेले आणि त्यांनी सांगितलं. दुपारी बाईंनी फोनवर भावाचा अंत्यविधी पाहिला. चित्र दोनदा अडकलं. बाबुराव फोन धरून बसले होते.

अकरा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, यादीत अठ्ठावीसची लस आली. दुकानात पाच गिऱ्हाइकं होती. बाबुराव उठले, शटर अर्धं ओढलं, आणि गिऱ्हाइकांना दुपारी यायला सांगून स्कूटरनं पार्सेला निघाले.

मंजुळाबाई अंगणात बॅग उपसत होत्या. तांदळात टोक्यांची कीड झाली होती. सुपात घेऊन त्या निवडत होत्या. बाबुरावांनी उभ्या उभ्याच सांगितलं की कागद आला. बाईंनी मान वर केली नाही. तुळशीच्या कट्ट्यावर बसायला त्यांनी जागा दाखवली.

बाबुराव बसले. मग ते परिपत्रक त्यांनी सांगितलं. कधी आलं, त्यात काय होतं, आपण काय समजलो, सगळं क्रमानं.

“माका ठावक होतां, बाय,” ते शेवटी म्हणाले. “म्हापशाक गेलांव त्या दिसा ठावक होतां.”

बाईंनी सुपातला एक टोका बोटानं बाहेर उडवला. सूप एकदा पाखडून त्या म्हणाल्या, “तुवां सांगलां असतां, तरी मियां तुजांच आयकलां असतां.”

त्यात राग नव्हता, आणि माफीही नव्हती. बाबुराव पाणी न घेता निघाले. निघताना बाईंनी त्यांच्या हातात भरलेल्या मिरच्यांची बरणी दिली. ज्याच्यासाठी त्या भरल्या होत्या, तो खायला उरला नव्हता.

दुकान आज पूर्वीपेक्षा जोरात चालतं. पेडण्यातली माणसं बाकूला जातात, व्हिएतनामला जातात, आणि परत येऊन पुढच्या वर्षीचं विचारतात. कॅलेंडर भिंतीवर आहे, पण पेन्सिल टेबलावर नसते. कधी निघावं, काय आधी करावं, तुम्ही असता तर काय केलं असतं, असं कोणी विचारलं की बाबुराव त्या त्या देशाचा नियम छापून हातात देतात आणि वाचून या म्हणतात. जुनी गिऱ्हाइकं नाराज होतात. बाबुराव शिष्ट झाला, असं बाजारात म्हणतात. ते त्यांच्या कानावर आलं आहे.

मंजुळाबाईंचा पासपोर्ट २०२९पर्यंत चालतो. त्यात अजून एकही शिक्का नाही. तो बाबुरावांच्या खणात आहे. बाईंनी परत मागितलेला नाही, आणि नेऊन द्यायला त्यांना पार्सेला जाववलेलं नाही.